सहावा ओंडका

पडवीत माझी जुनी स्की अजून उभी आहे,
टोकाशी तेराव्या वर्षाचा ओरखडा.
तेव्हा गोठलेलं सरोवर ओलांडून मी शाळेत जायचे,
आणि घरी आल्यावर आई म्हणायची,
पलीकडून दूध आणतेस का?
आणायचे. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आता पायांना विचारावं लागतं.
ते नाही म्हणत नाहीत. गप्प होतात,
मधेच, बर्फावर,
बोलता बोलता कुणी फोन ठेवून द्यावा तसे.

कुहमोच्या दवाखान्यातली रीक्का म्हणाली,
थकल्यावर थांबू नका, टेर्तू,
थकायच्या आधी थांबा.
म्हणजे भरल्या पानावरून उठायचं, असंच ना?
मी हसले. ती हसली नाही.
कागदावर लिहून दिलं:
वीस मिनिटं चालणं. मग वीस मिनिटं काही नाही.
काही नाही म्हणजे मोजे विणणंसुद्धा नाही.

हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
आमच्याकडे बसलेल्या बाईच्या हातात सुई असते,
रिकाम्या हातांची घडी
फक्त शवपेटीत.

फेब्रुवारीत एक दिवस असा उगवला
की अंगात आजार होता हेच विसरले.
ऊन, कडक बर्फ, स्कीखाली रेशमासारखा आवाज.
बेटापर्यंत जाऊ. फक्त बेटापर्यंत.
गेले.
बेट तिथंच होतं. घर मात्र लांब गेलं होतं.
ओइवानं स्नोस्कूटरमागच्या घसरगाडीवर
सरपण बांधतात तशी बांधून आणली मला,
वाटेत चकार शब्द नाही.
पुढचे पाच दिवस छतावरच्या गाठी मोजल्या,
कपाचा कान धरता येईना.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कळतं मला.
पण माझं अंथरूण रात्रीतून कुणीतरी बदलून जातं,
सकाळी उठून बसल्याशिवाय
आज केवढं आहे ते कळत नाही.

मग घाबरून महिनाभर पडूनच राहिले.
तेही चुकलं.
पोटऱ्या सुकल्या, तीन पायऱ्यांचा जिना उंच झाला.
रीक्का म्हणाली, पडून पडूनही गंज चढतो.
म्हणजे चाललं तरी भोग, पडलं तरी भोग,
आणि मधली पट्टी हातभर रुंद,
तीही रोज सरकणारी.

एप्रिलमधल्या एका सकाळी खिडकीतून पाहिलं,
माझ्या वाटेवर ओंडके उभे केलेले,
खाडीच्या तोंडापर्यंत सात,
प्रत्येकावर रेनडिअरच्या कातड्याचा तुकडा, केस वर करून.
ओइवाला विचारलं तर म्हणाला,
लाकूड ओलं होतं, चुलीच्या कामाचं नव्हतं.
माझ्या भावाचं हे वर्षभराचं बोलणं.

शनिवारी तो सौनात जातो.
गरमीनं माझ्या नसा विझतात, मला आत बंदी.
मी बाहेरच्या खोलीत, बाकावर,
थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून.
आत दगडांवर पाणी पडतं, चर्र होतं,
दार तो बोटभर उघडं ठेवतो,
बर्चच्या पानांचा वास तेवढ्या फटीतून येतो.
पहिल्या शनिवारी रडले होते.
आता फट जरा कमी केली
तर आतून मीच ओरडा खाते, असं सांगून ठेवलंय त्याला:
दार ओढू नकोस.

आज सहाव्या ओंडक्यावर बसले आहे.
पाय म्हणतात, चल,
सातवा समोरच तर आहे, उजेडही भरपूर.
ते खोटं बोलत नाहीत.
त्यांना फक्त परतीचं काही ठाऊक नसतं.

सातव्यावर एक डोमकावळा येऊन बसलाय,
कातड्याचे केस उपटतोय, घरट्यासाठी असतील.
घेऊ दे.
वीस मिनिटं मी काहीच करत नाही,
हात मांडीवर, उघडे.

मग स्कीची टोकं घराकडे वळवते,
अजून पुढे जाता येत असताना.